मशीन लोड घेत नाही

कुणी स्वयंपाक आवरून बसली असेल, कुणी शेताच्या वाटेवर मोबाइलवर ऐकत असेल. एरवी आपण बचत, कर्ज, पॅकिंग, बाजार यावर बोलतो. आज आम्ही एका जुन्या मशीनची हकिगत घेऊन आलो आहोत. गाडीला पॉलिश मारायचं मशीन. पापड-मसालेवाल्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला काय करायचंय गाड्यांचं? पण तुमच्या ओट्यावर मिक्सर आहे ना? मग ऐकाच. पॉलिशच्या मशीनच्या पोटात जी मोटर असते, त्याच जातीची मोटर मिक्सरच्या पोटात असते, आणि दोघींची दुखणीही सारखीच.

आमचा गट करमाडकडचा. अकरा जणी आहोत. जालना रोडला लागून आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांची पडीक जागा होती, बाजूला बोअर होता. तिथे आम्ही गाड्या धुवायचं काम सुरू केलं. लोक हसले, बायका गाड्या धुणार म्हणे! आम्ही म्हटलं, भांडी धुतो, म्हशी धुतो, गाडी काय लाथ मारते का? आणि आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा तर गाड्यांचाच. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला, शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा. २०१० च्या ऑक्टोबरात तर शहरातल्या उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर गाजलं होतं ते. सगळ्यांनी मिळून मागणी केली म्हणून भावात सूट मिळाली, बँकेनंही कमी व्याजानं कर्ज दिलं. आम्हाला त्यात फार नवल वाटलं नाही. दिवाळीला तेलाचे डबे आम्ही असेच घेतो.

आमच्याकडे मर्सिडीज येत नाहीत, ते सोडा. कंपनीतल्या माणसांना ने-आण करणाऱ्या भाड्याच्या गाड्या येतात, लग्नसराईत नवरदेवाच्या गाड्या येतात, आणि विकायला काढलेल्या जुन्या गाड्या येतात. या विकायच्या गाड्यांनीच आम्हाला पॉलिशचा नाद लावला. धुण्याचे जिथे दीडशे-दोनशे मिळतात, तिथे रबिंग-पॉलिशचे हजार-बाराशे मिळतात. आधी हातानं घासून पाहिलं. एका बॉनेटला दोघी जणी दोन तास लागल्या आणि रात्री दंड भरून आले. मशीन घ्यावंच लागणार होतं.

नवं चांगलं मशीन आमच्या ऐपतीबाहेर होतं. गटाच्या बचतीतून कर्ज काढून ३२०० रुपयांत जुनं घेतलं. व्यवहार आमच्या गटातल्या एका वहिनींनी केला. त्यांचे दीर पूर्वी गॅरेजात कामाला होते, म्हणजे वहिनींना त्यातलं काही कळत असणार, असं आम्हीच ठरवलं आणि आम्हीच त्यांना पाठवलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मशीन १२०० वॅटचं, सात इंची तबकडीचं, मागच्या बाजूला स्पीड कमी-जास्त करायचं चाक. पहिले आठ-दहा दिवस छान चाललं. मग कुरकुर सुरू झाली. हवेत धरलं की जोरात फिरायचं, गाडीच्या पत्र्यावर टेकवलं की मंदावायचं. जरा दाबलं की थांबायच्या बेताला यायचं. दहा मिनिटांत अंग इतकं तापायचं की हात धरवत नव्हता. कधी कधी टपली मारली की पुन्हा भणभण सुरू. मिस्त्री लोकांची यासाठी एक बोली आहे, ‘मशीन लोड घेत नाही’.

एका गाडीचं बॉनेट अर्धं चमकलेलं, अर्धं धुरकट, आणि मधे गोल गोल वळं, अशी अवस्था झाली. सावलीत दिसलं नाही, उन्हात गाडी काढली तेव्हा दिसलं. गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत. देणारही कसा?

मशीन एका कारागिराकडे नेलं. त्यानं बटण दाबलं, कान लावला, बंद केलं. म्हणाला, आर्मेचर गेलं, अठराशे लागतील. मशीन उघडलंसुद्धा नव्हतं. ३२०० च्या मशीनला १८०० चा खर्च, आणि कर्जाचा हप्ता अजून पहिलाच भरलेला.

त्या मंगळवारची बैठक आम्हाला आठवू नये असं वाटतं, पण सांगायला हवी. कुणीतरी हळूच म्हणालं, जुनं मशीन, दिराची ओळख, मधे काही सुटलं असेल. मग ‘काही’चा अर्थ दुसरीनं उघड सांगितला. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदर खोचला, उठल्या आणि गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीला त्यांनी मुलाच्या हाती पाचशे रुपये पाठवले आणि निरोप दिला, बाकीचे महिन्या-महिन्यानं देते. आमच्या कोषाध्यक्षांनी ते पैसे हातात घेतले, आणि नोंद कोणत्या खान्यात करायची ते कळेना. बचत म्हणावी तर बचत नाही, हप्ता म्हणावा तर हप्ता नाही. ते पाचशे रुपये वहीत न लिहिता पाकिटात ठेवले. आमच्या वहीत तोवर असं कधी झालं नव्हतं.

कोषाध्यक्षांची भाची शहरात आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडला, दुसऱ्या वर्षाला. सुटीला आली होती. ती म्हणाली, मावशी, मोजलं का कुणी? आम्ही म्हटलं, काय मोजायचं? ती म्हणाली, व्होल्टेज.

तिच्याकडे चारशे रुपयांचा छोटा मल्टिमीटर होता. आधी तिनं बोर्डावर मोजलं, मशीन बंद असताना. २२८ आले. वीज आपल्याकडे २३० ची, म्हणजे ठीकच. आमच्यातली एक लगेच म्हणाली, बघ, वीज बरोबर आहे, मशीनच खराब. पोरगी हसली. म्हणाली, बंद नळाला प्रेशर कायम चांगलंच दिसतं आत्या, तोटी सोडल्यावर कळतं. मग एकीला मशीन फळीवर दाबून चालवायला लावलं आणि चालू असताना पुन्हा मोजलं. बोर्डावर २१६. आणि आमच्या लांबच्या वायरीच्या शेवटच्या टोकाला, जिथे मशीनचा प्लग लागतो तिथे, १९४.

बावीस व्होल्ट वाटेत सांडत होते.

आता ही वायर कसली, तर घराच्या मीटरपासून धुण्याच्या जागेपर्यंत चाळीस मीटर ओढलेली, बारीक, बल्बाला वापरतात तसली. मधे एक जोड, पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. प्लग काढून त्या जोडाला हात लावला तर भाकरीसारखा गरम. वायर जितकी बारीक आणि जितकी लांब, तितकी ती वीज स्वतःच खाते आणि त्याची उष्णता करते. बोअरपासून अर्ध्या इंची पाइपानं लांबच्या वावराला पाणी नेलं तर शेवटच्या सरीला धार पोचते का? तसंच हे.

चौतीस-छत्तीस व्होल्टनं एवढं काय बिघडतं, असं वाटेल. इस्त्रीचा हिशोब बघा. २३० व्होल्टवर हजार वॅटची उष्णता देणारी इस्त्री १९४ व्होल्टवर जेमतेम सातशे वॅटची उरते. व्होल्टेज सोळा टक्क्यांनी उतरलं, पण ताकद तीस टक्क्यांनी गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही कमी होतो आणि दोन्हींचा मार एकदम बसतो. मशीनच्या मोटरचं गणित नेमकं असंच नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. वर मोटर मंद झाली की तिच्या टोकाचा पंखाही मंद फिरतो. तोच पंखा मोटरला वारा घालत असतो. म्हणजे काम जास्त, वारा कमी. तापणार नाही तर काय?

मैत्रिणींनो, चालू विजेत मीटरच्या सुया घालणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, उगाच हात घालू नका. पण मीटर नसला तरी एक सोपी परीक्षा आहे. मशीन उचला, लांबची वायर बाजूला ठेवा, आणि मीटरजवळच्या पंधरा अँपिअरच्या, जाड पिनांच्या बोर्डाला मशीनच्या स्वतःच्या वायरीनं थेट लावा. एका लाकडी फळीवर तबकडी दाबून बघा. तिथे ताकद लावत असेल आणि कामाच्या जागी लावत नसेल, तर दोष मशीनचा नाही, वाटेचा आहे. ही परीक्षा फुकट आहे. तो कारागीर करू शकला असता, आणि खरं म्हणजे आम्हीही.

आम्ही वायर बदलली. अडीच चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, तांब्याची, आयएसआय शिक्क्याची. चाळीसऐवजी वीस मीटर, कारण धुण्याची जागाच थोडी पुढे सरकवली. मधे एकही जोड नाही. वायर महाग पडली, खोटं सांगत नाही. पण आता बोर्डावर आणि टोकाला जेमतेम दोन व्होल्टचा फरक येतो. आणखी एक, वायर गुंडाळीवर ठेवून मशीन चालवायचं नाही. वेटोळ्यात उष्णता कोंडते. आम्ही वायर पूर्ण मोकळी करून पसरतो.

आता वाटलं झालं. मशीन बरंच सुधारलं, पण पुरतं नाही. वीस मिनिटांनी पुन्हा मंद, पुन्हा टपली, पुन्हा सुरू. काही बायकांचे चेहरे परत वहिनींच्या घराकडे वळले.

पोरगी म्हणाली, टपली मारल्यावर चालतं ना, मग कार्बन बघू.

कार्बन म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण मिक्सरवाल्यांनी इथेच कान द्यायचा आहे. मोटरच्या मधोमध जो भाग फिरतो त्याला आर्मेचर म्हणतात. त्यावर तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या असतात आणि त्या तारांत वीज पोचवायची असते. फिरत्या वस्तूला वायर कशी जोडणार? दोन फेऱ्यांत पिळा पडून तुटेल. म्हणून आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या बारीक पट्ट्यांचं गोल कडं असतं, त्याचं नाव कम्युटेटर. आणि दोन बाजूंनी कोळशाचे दोन चौकोनी तुकडे स्प्रिंगनं त्या कड्याला दाबून धरलेले असतात. कडं फिरतं, तुकडे जागीच राहून घासत राहतात, आणि वीज आत जाते. दुकानात याला कार्बन ब्रश म्हणतात. ब्रशासारखं त्यात काही दिसत नाही. पण पहिल्या मोटरींत तिथे खरोखरच तांब्याच्या तारांचे झुबके असायचे. कोळशाचे तुकडे आले ते १८८० च्या दशकात, आणि नाव मात्र जुनंच राहिलं.

घासायचं म्हटल्यावर झिजणार. पेन्सिलीसारखे हे तुकडे लहान होत जातात. फार लहान झाले की स्प्रिंगचा दाब पोचत नाही, तुकडा कड्यावर नाचायला लागतो, ठिणग्या उडतात, वीज तुटक तुटक जाते. टपली मारली की तुकडा पुन्हा टेकतो, म्हणून मशीन चालतं. आमच्या मशीनचं नेमकं हेच होतं.

प्लग काढला. प्लग काढून तो मशीन उघडणारीनं स्वतःच्या मांडीजवळ ठेवायचा, म्हणजे दुसरी कुणी चुकून लावणार नाही. आमच्या मशीनला दोन्ही बाजूंना चवलीएवढी काळी टोपणं आहेत, पेचकसानं फिरवली की निघतात. मिक्सरला बहुधा खालचं झाकण काढावं लागतं. आतून कार्बन निघाले, एक पाच मिलिमीटरचा, दुसरा चारचा. नवा पंधरा-सोळाचा असतो. साधारण पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलायचा, आणि एक झिजला तरी दोन्ही बदलायचे. बैलजोडीत एक म्हातारा आणि एक खोंड जुंपला तर औत सरळ चालत नाही.

जुना कार्बन बरोबर घेऊनच दुकानात गेलो. मोंढा नाक्याला उतरून दोन दुकानं फिरलो. जाडी, रुंदी, लांबी तंतोतंत हवी. पहिल्या दुकानदारानं थोडा जाड दिला, म्हणाला, घासून घ्या, बसेल. आम्ही घेतला नाही. खाचेत तो अडकून बसला की स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही आणि पुन्हा तीच रड. दुसरीकडे बरोबर मापाची जोडी मिळाली, ऐंशी रुपयांना. दोन जोड्या घेतल्या.

बसवण्याआधी पोरीनं खाचेतून टॉर्चनं आत बघायला शिकवलं. तांब्याचं कडं सगळीकडून सारखं, तपकिरी, गुळगुळीत दिसलं. म्हणजे आर्मेचर शाबूत. एक-दोन पट्ट्याच काळ्या जळालेल्या दिसल्या, किंवा मशीन चालताना कड्याभोवती ठिणग्यांचं पूर्ण रिंगण दिसलं, तर मात्र आर्मेचरच्या तारांत दोष असू शकतो. मग ते वाइंडिंगवाल्याकडेच न्यायचं. कड्यावर नुसता काळा थर असेल तर कोरड्या कापडानं पुसायचा. जास्तच असेल तर अगदी बारीक काचकागद हलक्या हातानं. लोखंड घासायचा एमरी कागद वापरायचा नाही, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकून बसतात आणि पट्टी पट्टीला जोडली जाते.

मग हवेच्या जाळ्या. मशीनच्या दोन्ही टोकांना फटी असतात, त्यातून पंखा वारा ओढतो. आमच्या मशीनच्या फटी कंपाउंडच्या पांढऱ्या भुकटीनं आणि लोकरीच्या तंतूंनी बुजलेल्या. जुन्या दातांच्या ब्रशानं साफ केल्या. मिक्सरच्या खाली पिठाचा आणि मसाल्याचा थर बसतो, तो याचाच भाऊ. मिक्सर उलटा करून कधी बघितलाय? बघा. तिथेच एक लाल बटण असतं. जास्त लोडानं मिक्सर आपोआप बंद पडला तर तो थंड झाल्यावर ते बटण दाबायचं. कितीतरी मिक्सर निव्वळ या बटणासाठी दुरुस्तीला जातात.

नवे कार्बन घातल्यावर लगेच गाडीवर जायचं नाही. आठ-दहा मिनिटं मशीन रिकामं चालवायचं, म्हणजे कार्बनचं सपाट टोक घासून कड्याच्या गोलाईला बसतं. या वेळी थोड्या निळसर ठिणग्या दिसतात, त्या हळूहळू कमी होतात. कमी झाल्या नाहीत तर थांबायचं.

आमच्या झाल्या कमी. फळीवर दाबलं, आवाज जरा उतरला, पण चाक थांबलं नाही. पंचवीस मिनिटं चालवलं. तापलं, पण हात धरवत होता.

कोणत्या यंत्रात कार्बन असतात, असं कुणी विचारेल. मिक्सर, ड्रिल, फरशी कापायचं ग्राइंडर, व्हॅक्यूम क्लीनर, शिलाई मशीनला बाजूनं लावतात ती छोटी मोटर. म्हणजे जी छोटी असून मोठ्यानं किंचाळतात ती. छताचा पंखा, पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटर यांच्यात कार्बन नसतात. गिरणीच्या मोटरीत कुणी कार्बन बदलायचे पैसे सांगितले तर सरळ उठून या.

आता आमच्या हाताचा दोष. सगळं काही वायर आणि कार्बनवर ढकलून चालणार नाही. आम्ही मशीन दाबत होतो. पोळी लाटताना जोर लावायची सवय, तीच गाडीवर. पॉलिश दाबानं होत नाही, फिरण्यानं होतं. मशीनचं स्वतःचं वजन जवळजवळ पुरतं, हातानं फक्त सावरायचं. दुसरं, कंपाउंड भरमसाट ओतत होतो. बफ ओला आणि जड झाला की मोटरला तो ओढावा लागतो. आता चार थेंब, आणि दर भागानंतर बफ झटकून ब्रशानं मोकळा करतो. तिसरं, रंग जळेल या भीतीनं स्पीड कायम सगळ्यांत कमी ठेवून वर जोर लावत होतो. कमी स्पीडला पंखाही कमी फिरतो, हे मघाशी सांगितलंच. कंपाउंड पसरायला कमी स्पीड, घासायला मध्यम, आणि मधे मधे मशीन उचलून अर्धा मिनिट हवेत रिकामं फिरवायचं. त्या वाऱ्यानं ते लवकर थंड होतं. तापलेलं मशीन एकदम बंद करून ठेवण्यापेक्षा हे बरं. कडेला, जिथे पत्र्याची धार असते, तिथे रंगाचा थर पातळ असतो. तिथे मशीन लावायचंच नाही, हातानं पुसायचं.

आणि पाण्याची जागा! आमच्याकडे चोवीस तास ओल. मशीनच्या जुन्या मालकानं प्लग बदललेला होता, म्हणून आधी आम्हाला वाटलं अर्थिंगची पिन त्यानं कापली. पण अंगावरच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह होतं. हे चिन्ह असेल तर मशीनला आतून दुहेरी आवरण असतं आणि दोनच पिना असणं बरोबर आहे. चिन्ह नसेल आणि पट्टीवर अर्थिंग सांगितलं असेल, तर तिसरी पिन पाहिजेच. तरीही आम्ही बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे जायला लागली की तो क्षणात बंद पाडतो. धुणं एका बाजूला, पॉलिश दुसऱ्या बाजूला कोरड्या कोब्यावर, आणि पायात रबरी चप्पल. ओल्या गाडीवर मशीन नाही म्हणजे नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. दुरुस्तीच्या खर्चात सगळ्यांत मोठा आकडा या आरसीसीबीचा आणि वायरीचा आहे. त्या पैशावर कुणी कुरकुर केली नाही, हे आवर्जून सांगतो.

जुनं मशीन घ्यायला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. विकणारा ते हवेत फिरवून दाखवतो. हवेत सगळीच मशीनं पैलवान असतात. बरोबर लाकडाची फळी न्या, पंधरा मिनिटं दाबून चालवा, मग पैशाचं बोला. टोपणं काढून कार्बन दाखवायला सांगा. तबकडी हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग किंवा गिअरचं काम आहे. वायर मशीनमध्ये जिथे शिरते तिथे वाकवून बघा, आतल्या तारा तिथेच तुटतात. आणि दोघी जणी जा. हे आम्ही मशीनसाठी सांगत नाही. एकटी गेली की पुढे सगळा आळ एकटीवर येतो.

वहिनींकडे आम्ही सगळ्या गेलो. दहाही जणी. दारात उभ्या राहिलो तर त्या म्हणाल्या, अजून किती द्यायचे? आम्हाला काही सुचेना. कोषाध्यक्षांनी ते पाचशेचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मग आमच्यातली जी त्या मंगळवारी उघड बोलली होती, तिनं त्या पोरीनं मोजलेले आकडे जसेच्या तसे सांगितले, २२८, २१६, १९४, पाठ केल्यासारखे. वहिनी म्हणाल्या, म्हणजे वायर? वायर तर तुमच्याच घरची होती. मग हसल्या, आणि मग रडल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या मशीनला ऐंशी रुपयांचे कार्बन लागत होते, हे मात्र त्या मान्य करायला तयार नव्हत्या. मी बघून आणलं होतं, म्हणाल्या. आम्ही वाद घातला नाही.

पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात माफी लिहिली आहे. सहा ओळी आहेत, अकरा सह्या आहेत. बोलताना कुणी काय म्हटलं ते लोक विसरतात, लिहिलेलं राहतं, म्हणून लिहिलं. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे येतात. त्या लेख्यांतच आता मशीनचं एक पान आहे. किती तास चाललं, कुणी चालवलं, फटी कधी साफ केल्या, कार्बन किती मिलिमीटर उरला. शिलाईचा टेप लावून महिन्यातून एकदा मोजतो. पहिल्या महिन्यात दीड मिलिमीटर झिजला.

हप्ता दोन महिने थकला होता, तो आता सुरळीत आहे. मशीन आजही थोडं घरघरतं. आयटीआयवाली पोरगी फोनवर ऐकून म्हणाली, गिअरचं ग्रीस वाळलं असेल, मी दिवाळीला आले की उघडू, तोवर कुणी खोलू नका. एकीचा हात शिवशिवतो आहे, पण तिला थांबवून ठेवलंय. उरलेली कार्बनची जोडी गटाच्या पेटीत शिक्क्याच्या डबीत ठेवली आहे. शनिवारी तीन गाड्या यायच्या आहेत, त्यातली एक पांढरी आहे आणि एक काळी. काळी गाडी कुणी करायची यावरून भांडण चालू आहे, कारण काळ्या गाडीवर एकूण एक वळ दिसतं. बहुतेक वहिनीच करतील.